किती कमी पडला

"'किती कमी पडला?' असं विचारतो तो. भर उपासनेत, उभं राहून. आता तुम्हीच सांगा पाळकसाहेब, असल्या माणसाला मंडळीत ठेवायचं कसं?"

अमोस वाघचौरे तावातावाने बोलत होता. रेव्हरंड पारखे ओसरीवर बसून शेंगा फोडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"कोण विचारतो?"

"दानियल ओहोळ. मार्केट यार्डातला मापाडी."

"ज्याची लेक सलोमी गेली, तो?"

"हो… तोच."

पारखे निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण मिशन कंपाउंडात अजून त्यांच्याच शब्दाला मान होता. त्यांना विचारल्याशिवाय चर्चचे पंच कुणाला मंडळीत घेत नसत की मंडळीतून काढत नसत. अमोस त्यांच्याच हाताखाली शिकलेला. लहानपणी प्रश्न विचारून नुसता भंडावून सोडायचा, आणि पारख्यांना त्याचं भारी कौतुक. पुढे तो सेमिनरीत गेला, पदवी घेऊन इथलाच पाळक होऊन आला, तेव्हा प्रश्न संपलेले होते. आता त्याच्याकडे फक्त उत्तरं होती. आवाज पहाडी. आजाऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून तो प्रार्थनेला लागला की मंडपाचे पत्रे थरथरायचे. लांबलांबून लोक येत.

"पंचांना तुम्ही एक शब्द सांगा," अमोस म्हणाला. "येत्या रविवारी प्रभुभोजनाची उपासना आहे. हा तिथंही उठून विचारील. कच्च्या विश्वासाची माणसं आहेत आपली, बिथरतील. त्याला बाहेर काढलेलं बरं."

"पण हे असं विचारायचं त्याला सुचलं कसं?"

अमोस घुटमळला.

"मी म्हणालो होतो त्याला… मयतीच्या दिवशी… की तुमचा विश्वास कमी पडला."

पारख्यांच्या हातातली शेंग तशीच राहिली.

मला विचाराल तर, पोरीच्या शवपेटीशेजारी उभ्या असलेल्या बापाला हे ऐकवताना या माणसाची जीभ झडली कशी नाही, असंच मी म्हणेन. पारखे तसं काही म्हणाले नाहीत. त्यांनी शेंग फोडली, दाणे सुपात टाकले.

"जन्मभर लोकांची पोती मोजली त्यानं," ते म्हणाले. "कमी पडलं म्हटल्यावर किती, असं विचारणारच की."

"विश्वास काय काट्यावर मोजतात?"

"मोजलास तर तूच."

पारख्यांनी पुढची शेंग उचलली.

"सलोमीला काय होत होतं?"

"तुम्हाला ठाऊक आहे, पाळकसाहेब."

"तुझ्या तोंडून ऐकू दे."

"फिट्स यायच्या. लहान होती तेव्हापासून."

"गोळ्या चालू होत्या?"

"होत्या. मग माझ्याकडं आणलं तिला. मी प्रार्थना केली. त्यानंतर बरेच दिवस फिट आली नाही… शपथेवर सांगतो, आली नाही."

"गोळ्या बंद करा, असं तू म्हणालास?"

"तसं नाही म्हणालो." अमोसचा आवाज चढला. "मी म्हणालो, विश्वास पुरा असेल तर गोळ्यांची गरज काय?"

"म्हणजे काय म्हणालास?"

अमोस सुपातले दाणे चिवडू लागला.

"दानियलनं गोळ्या बंद केल्या," पारखे म्हणाले.

"हो."

"आणि जिना उतरताना तिला फिट आली."

"…हो."

पारख्यांनी सूप बाजूला सारलं. हात झटकले.

"चष्मा दे तुझा."

अमोसला शाळेपासून जाड भिंगांचा चष्मा होता. त्याला वाटलं, म्हाताऱ्याला काही वाचायचं असेल. त्याने काढून दिला.

"इकडं ये. वाक जरा."

पारख्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, डोळे मिटले आणि प्रार्थना केली. आवाज न चढवता, अगदी मनापासून. या पोराची नजर चांगली कर, एवढंच मागितलं. आमेन म्हणाले.

"आता पायऱ्या उतर आणि फाटकापर्यंत जाऊन ये."

अमोस उठला. ओसरीच्या कडेशी जाऊन थांबला. पायऱ्या उंच होत्या, जुन्या दगडी, मधोमध झिजलेल्या. त्याने एक पाय पुढे केला, मागे घेतला.

"चष्मा द्या, पाळकसाहेब."

"विश्वास पुरा असेल तर चष्म्याची गरज काय?"

"थट्टा नका करू. मी पडेन!"

बोलला आणि थांबला.

त्याचं त्यालाच ऐकू आलं होतं. तो हळूहळू खाली बसला, कडेला, लहान मुलासारखा. इथे मला त्याची कीव येते. राग काही जात नाही, पण कीव येते.



"मी खोटं नव्हतो बोललो," अमोस म्हणाला. "मला खरंच वाटलं होतं, ती बरी झाली."

"माहीत आहे."

"मग कुणाचा कमी पडला? माझा?"

"तुझा भरपूर होता, बाळा. दुसऱ्याच्या पोरीच्या जिवावर होता."

अमोसने तोंड फिरवलं.

"पंचांना… काय सांगणार तुम्ही?"

"रविवारी दानियल पहिल्या बाकावर बसेल, माझ्या शेजारी. त्याला जे विचारायचंय ते विचारील. देवाच्या घरात नाही विचारायचं तर काय मार्केट यार्डात?"

"आणि मी काय उत्तर देऊ?"

"मला ठाऊक नाही."

"तुम्हाला ठाऊक नाही?"

"नाही. मंडळीतली किती पोरं पुरली मी या हातांनी. अजून नाही ठाऊक."

अमोस चाचपडत पायऱ्या उतरला. अंगणातल्या मातीतच गुडघे टेकले, हात जोडले.

"हे प्रभू…"

आवाज फुटला नाही. ज्या आवाजाने पत्रे थरथरायचे, तो आज घशातून बाहेर येईना.

पारखे कठड्याला धरत खाली आले आणि त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"ऊठ. आत्ता नको."

"क्षमा तरी मागू द्या मला…"

पारख्यांनी चष्मा सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि त्याच्या हातात दिला.

"मागशील. आणि देव लगेच देईल. म्हणून तर म्हणतो, आधी दानियलच्या घरी जा."