आगीची सवय

फार वर्षांपूर्वी पितळ वितळवायच्या एका भट्टीत, दोन निराळ्या धातूंच्या तारा टोकाशी जोडून केलेली एक जोडतार राहायची. आच वाढली की तिच्यात वीज जागी व्हायची आणि बाहेरच्या भिंतीवरचा काटा वर सरकायचा. त्या काट्याकडे बघूनच माणसं भट्टीत कोळसा घालायची.

एक दिवस शेजारची वीट म्हणाली, "तारे, आज सोसवत नाही गं. काट्याला सांग ना."

"काहीतरीच तुझं. उलट आज आच कमीच आहे."

तार खोटं बोलत नव्हती. आगीत राहून राहून तिची जाणीवच बोथट झाली होती. काटा खालीच राहिला, म्हणून माणसांनी आणखी कोळसा घातला.

संध्याकाळी वीट वितळून खाली ओघळली. काटा तेव्हा कुठे रोजच्या खुणेवर पोचला होता. तारेला वाटलं, दमली असेल बिचारी, झोपली.