साहेबांनी पाहिलेलं मैदान

शहराचा वीस वर्षांचा आराखडा नव्याने ठरत होता. भर सभेत नगराध्यक्ष रणखांबेसाहेबांनी नकाशातल्या खेळाच्या मैदानावर बोट ठेवलं. "हे काढा, इथे दुकानं होऊ द्या. काल संध्याकाळी मी स्वतः जाऊन आलो. चिटपाखरू नव्हतं."

तिथे रोज मुलींना खो-खो शिकवणाऱ्या मालिनीबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. साहेब येणार म्हणून काल पोलिसांनीच सगळ्यांना मैदानाबाहेर काढलं होतं. पण उठून त्यांनी गोड आवाजात विचारलं, "साहेब, काल येताना रस्ता कसा होता?"

"एकदम मोकळा," साहेब ऐटीत म्हणाले.

"मग तोही काढून टाका की. त्यावरही चिटपाखरू नव्हतं."

सभेत खसखस पिकली. साहेबांनी नकाशावरचं बोट हळूच उचललं आणि मालिनीबाई सरावाला निघाल्या.