खालच्या अंगाची वाळू

"...मग आता शिकायचं राहिलं तरी काय, माय?"

हेमराज बिसेन घोटाभर पाण्यात उभा होता. हातात लाकडी काठवट, तिच्या तळाशी काळ्या रेतीत सोन्याचे सात-आठ कण.

तो नागपूरला भूगर्भशास्त्र शिकलेला. नदी सोनं कुठून आणते, वळणाच्या आतल्या बाजूला का टाकते, मोठ्या धोंड्यांच्या आडोशाला का दडवते, सगळं त्याला पुस्तकातून ठाऊक होतं. फक्त वाळू धुणं तेवढं हातात नव्हतं. त्यासाठी तीन हिवाळे तो वाघ नदीवर इतवारीबाईकडे येत होता.

इतवारीबाई सोनझरी. पिढ्यान्‌पिढ्या नदीची वाळू धुऊन सोनं वेचणाऱ्या घरातली. सत्तरी उलटलेली.

ती दहा पावलं खाली, धारेच्या कडेला बसून आपली काठवट फिरवत राहिली.

"टोलीवर, वस्तीतल्या सगळ्यांसमोर एकदा म्हणा ना," हेमराज म्हणाला. "म्हणा, हेमराजचा हात इतवारीच्या बरोबरीचा झाला."

"बरोबरीचा?"

"पुढचा म्हणालात तरी चालेल." तो हसला. "वाईट वाटून घेऊ नका. चांगली वाळू कुठं आहे ते मला दुरूनच कळतं, म्हणून ती आधी माझ्या हातात येते. तुम्ही तर आताशा ताजी वाळू उकरतही नाही. रोज माझ्या खालच्या अंगाला बसून असता... वय झालं. मी समजू शकतो."

माय उठली. गुडघ्यावर हात टेकत पाण्यातून वर आली.

तिनं पदराच्या गाठीतून एक कुपी काढली. इंजेक्शनची रिकामी, रबरी बुचाची. तशीच कुपी हेमराजच्या खिशात होती. तिनं हात पुढे केला, त्यानं ती दिली. तिनं दोन्ही कुप्या खडकावर शेजारी शेजारी ठेवल्या.

हेमराज वाकला.

त्याच्या कुपीत तळ जेमतेम झाकला होता. तिची निम्मी भरली होती.

"ही... कुठली वाळू, माय?"

"तुझीच."

"माझी?"

"तू धुऊन फेकतोस ती. तीन हिवाळे तीच धुते मी."

हेमराजच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

"मले सांगितलं काहून नाही?" शहरात गेल्यापासून टाकलेली बोली अचानक त्याच्या तोंडी आली.

"सांगणारच होती. तू बोलत होतास."

टोलीवर काय म्हणायचं, ते त्यानं पुन्हा विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो तिच्याआधी नदीवर आला आणि खालच्या अंगाला जाऊन बसला. माय आली आणि वरच्या धारेला गेली.

दिवसभर तो तिनं टाकलेली वाळू भरत राहिला. पहिली काठवट रिकामी. दुसरी रिकामी. दहावीतही काळ्या रेतीशिवाय काही नव्हतं. बोटं बधिर झाली, पाठ भरून आली. घाई करून काही हाती लागेना, तेव्हा हात आपसूकच सावकाश फिरू लागला. इतका सावकाश तो कधीच फिरला नव्हता.

उन्हं कलताना एक कण चमकला.

मग आणखी एक.

सूर्य झाडांमागे जाईपर्यंत पाच झाले. हेमराज उठला आणि पाणी उडवत तिच्याकडे निघाला. छाती पुन्हा फुगली होती.

"माय! तुमच्या वाळूतही निघालं! पाच कण!" आवाज जरा चढलाच. "म्हणजे तुमच्याही हातून सुटतं..."

मायनं त्याच्या काठवटीत पाहिलं. मग मान वळवून नदीच्या खालच्या वळणाकडे पाहिलं.

हेमराजनंही पाहिलं.

तिथं टोलीतल्या दोन म्हाताऱ्या आपापल्या काठवटी घेऊन बसल्या होत्या. रोजच बसत असाव्यात. त्याला त्या आज दिसल्या. दोघी नुसतीच काळी रेती उलटून टाकत होत्या; आज त्यांच्या वाटेला काहीच आलं नव्हतं.

"तुझं सुटत होतं, बापू," माय म्हणाली. "...हे मी सोडलं होतं."