सात वर्षं न उठलेला राजा

एका राज्यात, जिथं आंब्याच्या झाडाला कधीकधी कुलपं लागायची आणि कुणाला त्याचं काही वाटायचं नाही, रत्नपाल नावाचा राजा फासे खेळायला बसला, तो सात वर्षं उठलाच नाही.

झालं असं, की कंकाळ नावाच्या जादूगारानं हेमांगी राणीची साळुंकी केली आणि राजापुढं फासे ठेवले. पौबाराचं जिंकणारं दान पडलं की राणी परत माणूस. नाही पडलं, तर दर दानाला तिचा एक शब्द जाणार. सगळ्यात आधी राजाचं नाव गेलं. तसंही ती ते घेत नसे, म्हणून कुणाला कळलं नाही.

राजा म्हणे, हाताला वळण लागायचा अवकाश, मग फासे आपलेच. तो तीनदा फुंकर मारी, अंगठी उलटी फिरवी. एकदा दान थोडक्यात हुकलं, तेव्हा पायाला मुंग्या आल्या म्हणून प्रधान एका पायावर उभा होता. तेव्हापासून अख्खा दरबार एका पायावर. कंकाळही जांभया देई. त्याला घरी जायचं होतं.

साळुंकीकडे मोजके शब्द उरले. ती म्हणाली, “फुंकू नका.”

राजानं न फुंकता टाकलं. नाही पडलं.

“डोळे मिटा.”

मिटले. नाही पडलं.

“गाढवाला टाकू द्या.”

गाढव आणलं. त्यानं खुरानं फासे ढकलले. पौबारा.

कंकाळ म्हणाला, राणी गाढवाची असती तर सुटली असती.

राजानं बारकाईनं विचारलं, “त्यानं कुठला कान हलवला?”

“डावा,” प्रधान थकून म्हणाला.

राजा महिनाभर डावा कान हलवायला शिकला. मग टाकलं. नाही पडलं.

आता साळुंकीकडे एकच शब्द होता. ती राजाच्या गुडघ्यावर येऊन बसली.

“उठा.”

पुढच्या दानाला हाही जाणार होता. राजानं फाशांवर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. मग काढला, आणि गुडघे कडकडा वाजवत उठला. साळुंकी गुडघ्यावरून घसरली, ती खाली पडेपर्यंत राणी झाली.

“एवढंच होतं?” राजानं विचारलं.

“एवढंच,” कंकाळ फासे पोतडीत भरत म्हणाला. “शाप बसून राहणाऱ्यावर असतो, उठला की सुटतो. पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तुम्ही फुंकर मारत होता.”

राजानं राणीला हळूच विचारलं, आमचं नाव आठवतं का.

“आठवतं. घेणार नाही,” राणी म्हणाली. “आधी या सगळ्यांना पाय खाली ठेवू द्या.”

दरबारानं पाय खाली ठेवले. राज्य पुन्हा दोन पायांवर चालू लागलं, आणि गोष्टही इथंच उठली.