न घडलेल्या सुखाची हाळी

फार वर्षांमागे, वर्षांना आकडे द्यायची पद्धतही पडली नव्हती तेव्हा, एका डोंगरगावात एका बहिणीला तिच्या भावाचं उत्तर जरा उशिरा आलं.

उशीर तो कितीसा. पापणी लवून पुन्हा लवावी एवढा. दुसऱ्या कुणाच्या लक्षातही आला नसता. पण ही मुलगी मुळातच धास्तावलेली. पाचोळा वाजला तरी दचकायची. मांजराने भांडं पाडलं की तिच्या हातातलंही पडायचं. घरचे हसायचे, तीही हसायची, आणि हसून झालं की दार नीट लागलंय ना ते पुन्हा बघून यायची.

आता त्या गावाची रीत सांगते, म्हणजे तिला काय खटकलं ते कळेल.

ते गाव एका जागी नव्हतंच. या टेकडीवर मूठभर घरं, समोरच्या टेकडीवर आणखी मूठभर, आणि मध्ये खोल दऱ्या. चालत जायचं तर अर्धा दिवस मोडायचा. म्हणून तिथली माणसं एकमेकांना हाळी द्यायची. हाळी म्हणजे सूर ओढून मारलेली हाक. एका टेकडीने ती झेलायची आणि पुढच्या टेकडीवर टाकायची. वणवा लागला, गाय व्याली, झऱ्याला पाणी आलं, सगळं असंच कळायचं. अस्वल उतरलं तर हाळी आखूड आणि सपाट. काही बरं घडलं तर लांब, शेवटी वर चढणारी. ती लांब हाळी कानावर पडली की म्हाताऱ्यांच्याही पायांत बळ यायचं.

आणि संध्याकाळी, काहीच घडलेलं नसलं तरी, जो तो आपल्या माणसाला एक हाळी द्यायचा. समोरून ‘ओ’ आली की दिवस संपला.

या मुलीचा धाकटा भाऊ मधल्या टेकडीवर एकटाच राहायचा. अलीकडची हाक पलीकडे टाकणं हे त्याचं काम. आवाज असा खणखणीत, की ‘ताई, जेवलीस का, की अजून घाबरतेच आहेस?’ असं तो विचारायचा आणि सगळ्या टेकड्यांवरच्या वाड्या हसायच्या.

त्या संध्याकाळी ‘ओ’ उशिरा आली आणि चेष्टा आलीच नाही. तिने आईला सांगितलं. आई म्हणाली, तोंडात घास असेल. वडील म्हणाले, हिला वाऱ्याचीही शंका येते. पुढे उत्तर तुटक होत गेलं. मग काही संध्याकाळी आलंच नाही. तरी घरचे म्हणायचे, तरणा पोर आहे, झोप लागत असेल.

मग एकदा वरच्या वाडीत गाय व्याली. लांब हाळी निघाली, मधल्या टेकडीवर पोहोचली, आणि भावाने ती पुढे टाकली, पण शेवट वर चढवलाच नाही. खालच्या वाडीला वाटलं, अस्वल आलं. शेळ्या आत, पोरं आत, दारांना अडसर. खरं काय ते दुसऱ्या दिवशी कळलं तेव्हा सगळे चिडले. फक्त बहीण चिडली नाही. तिने भाकरी बांधून घेतली आणि दरी उतरली.

भाऊ झोपडीला टेकून बसला होता. समोर ठेवलेल्या कण्या तशाच, त्यांवर मुंग्या. हातात काळ्या गोळ्यांची पिशवी.

विचारल्यावर त्याने काही लपवलं नाही. थंडीच्या दिवसांत एक वाटसरू टेकडीवर थांबला होता. एकटा राहतोस, घे, म्हणून त्याने एका वेलीचा वाळवलेला चीक दिला. पहिल्यांदा घेतला तेव्हा भावाला वाटलं, सगळ्या टेकड्यांवरून एकदम लांब हाळी उठली, आणि ती आपल्या एकट्यासाठी आहे. वाटसरू गेला, पण तसलीच वेल भावाला खालच्या घळीत सापडली. पहिल्या दिवसाएवढा चीक नंतर पुरेना. तो वाढवत गेला. आता घेतला तरी काही वाटायचं नाही. नाही घेतला तर हात कापायचे.

‘मला तो आवडतही नाही गं आता,’ तो म्हणाला. ‘पण त्याच्यावाचून उठवत नाही.’

‘आणि माझी हाक? ती ऐकू येत नाही का?’

‘येते. पण ती माझ्यासाठी आहे असं वाटत नाही.’

ती पाण्याच्या घोटासाठी उठली, तर तिच्याच पायाखाली काटकी मोडली. ती दचकली. तो हसला नाही. तेव्हा ती खरी घाबरली.

गावाला कळलं, आणि गावाने जे येत होतं तेच केलं. उत्तर येत नसेल तर आवाज वाढवायचा, एवढंच त्यांना ठाऊक. सगळी वाडी कड्याच्या टोकाशी जमली. ढोल आणला, शिंग आणलं. कुणी त्याला आळशी म्हटलं, कुणी आईबापांची लाज काढली. वडील तर घसा बसेपर्यंत ओरडले. भाऊ उठला, कानांवर हात धरले आणि घळीत उतरून गेला.

मग गावच्या कारभाऱ्यांनी निकाल दिला. गवत पिवळं पडेपर्यंत वाट बघू. तोवर उत्तर आलं नाही, तर त्याच्या नावाची हाळी बंद. त्या गावात मेलेल्या माणसाच्या नावाचीच काय ती हाळी बंद व्हायची.

बहीण ओढ्याकाठच्या म्हाताऱ्या वैदिणीकडे गेली. दारातच शेळी शिंकली आणि ती दोन पावलं मागे सरली.

‘शेळी आहे. बस,’ वैदीण म्हणाली.

सगळं ऐकून घेतल्यावर म्हातारीने तिच्या डोक्यावर बोट ठेवलं. तिने सांगितलं ते असं. प्रत्येकाच्या डोक्यात असंच एक गाव असतं. मोजता येणार नाहीत एवढ्या वस्त्या, आणि त्या एकमेकींना चिकटलेल्या नसतात. मध्ये केसाहून बारीक दऱ्या असतात. एक वस्ती हाक टाकते, दुसरी झेलते. काटा बोचला, भूक लागली, आई आली, हे सगळं आपल्याला असंच कळतं. तिथेही एक लांब हाळी असते. गोड घास खाल्ला, कुणी मायेने बोललं, की ती उठते. ती नुसतं सुख सांगून थांबत नाही. हे लक्षात ठेव, पुन्हा कर, असंही सांगते. म्हणून तर माणूस दुसऱ्या दिवशी चूल पेटवतो.

‘मग तो चीक काय करतो, आजी?’

‘काही घडलेलं नसताना ती हाळी उठवतो. आणि एवढ्या जोरात, की तेवढ्या जोरात गावात कधी कुणी ओरडलेलं नसतं. रोज कुणी तुझ्या कानाशी असं ओरडलं तर तू काय करशील?’

‘मी तर पहिल्याच दिवशी कानात बोळे घालीन.’

‘वस्त्याही तेच करतात. दारं लावून घेतात. मग चीकही कमी ऐकू येतो, म्हणून माणूस आणखी घेतो, की त्या आणखी दारं लावतात. भाकरीची चव, बहिणीची हाक, यांचा आवाज मुळात लहान. तो बंद दारातून आत जात नाही.’

मुलीने विचारलं, हे वाईट आहे हे त्याला कळतं, मग तो थांबत का नाही. वैदीण म्हणाली, कपाळामागे एक कारभारी बसलेला असतो. थांब म्हणणं हे त्याचं काम. पण त्याची हाकही याच दऱ्यांवरून जायची असते, आणि तिथेही आता कुणी झेलायला नसतं. शिवाय नुसती ती घळ दिसली, ती पिशवी दिसली, तरी आत हाळी उठते. त्याला हट्टी म्हणून काय उपयोग.

‘मग मी काय करू?’

‘चीक थांबवायचा, पण एकट्याने नाही. मी तिथे जाऊन राहते. अंग कापेल, घाम येईल, पोटात पिळवटेल. ते बघायला जाणतं माणूस लागतं. ते सरलं की खरं काम, वाट बघायची. दारं एकेक करून उघडतात.’

‘केव्हा उघडतात?’

‘मला सांगून उघडत नाहीत. काही दारं कायमची कुरकुरतातही. तू रोज हाक मार. मोठ्याने नको. त्या दिवशी खरंच जे घडलं असेल ते सांग.’

भावाने आधी नको म्हटलं, मग बघू म्हटलं, मग वैदीण येऊन बसलीच तेव्हा हो म्हटलं. वडिलांनी घळीतली वेल खणून काढली आणि वाटेवर काटे टाकले. वाईट दिवस आले आणि गेले. अंगाची थरथर थांबली. सगळ्यांना वाटलं, झालं, सुटला.

पण तो दगडासारखा बसून राहायचा. गूळ दिला काय आणि करपलेली भाकरी दिली काय, सारखंच खायचा. एके दिवशी काटे ओलांडून घळीत गेला, मातीत उरलेलं वेलीचं मूळ शोधलं आणि चघळलं. वडील म्हणाले, संपलं. वैदिणीने ते मूळ ओढ्यात टाकलं आणि शिव्या न देता पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

बहीण रोज संध्याकाळी कड्याशी जायची. आज कोंबडी अंड्यांवर बसली. आज आईने नवं मडकं आणलं आणि मीच फोडलं. आज ढगाचा आवाज झाला आणि मी चुलीमागे लपले, बाबा शोधत होते. एवढंच सांगायची, नेहमीच्या हाळीच्या सुरात, आणि गप्प उभी राहायची. तिला भुताखेतांची भीती वाटायची, पण या गप्प उभं राहण्याएवढी कशाचीच नाही. तरी दुसऱ्या दिवशी ती पुन्हा जायची.

गवत पिवळं पडलं.

कारभारी काही दुष्ट नव्हते. ते स्वतः कड्याशी आले, काठीवर भार देऊन उभे राहिले आणि म्हणाले, ‘पोरी, आज शेवटची.’

त्या सकाळी औषधासाठी घरी आलेल्या वैदिणीबरोबर तिने भावासाठी पिठलं पाठवलं होतं. ते करताना आजचा दिवस डोक्यातून जात नव्हता. पिठल्यात काय पडलं आणि किती पडलं, तिला आठवत नव्हतं.

तिने हाळी दिली. मोठी नाही, रोजची. आज घडलं ते सांगितलं, की आज गवत पिवळं झालंय, आणि कारभारी आबा माझ्याशेजारी उभे आहेत.

समोर काही हललं नाही. वारा आला आणि गेला. कारभाऱ्यांनी काठी उचलली, वळले. ती वळली नाही.

तेवढ्यात मधल्या टेकडीवरून आवाज आला. घोगरा, बारीक, पुष्कळ दिवस न वापरलेला.

‘ताई, पिठल्यात मीठ फार झालंय गं.’

तात्पर्य: न घडलेल्या सुखाची हाळी रोज ऐकणाऱ्या मनाला घडलेलं सुख ऐकू येईनासं होतं, ते पुन्हा ऐकू यायला वेळ लागतो, आणि तोवर कुणीतरी हळू आवाजात हाक मारत राहायला हवं.