एकही तक्रार नाही

संस्थानात कायदा होता, की राजवैद्य सगुणाबाईंच्या परीक्षेत उत्तीर्ण झाल्याशिवाय कुणी औषध द्यायचं नाही. सरदार निंबाजीरावांचा भाचा नापास झाला, तसे सरदार भर दरबारात कडाडले, "कसली परीक्षा? माझ्या गावात तो वर्षभर औषध देतोय. एकाही रोग्याची तक्रार नाही! महाराज, राजवैद्यच बदला."

महाराजांनी बाईंकडे पाहिलं. पद जायची वेळ आली होती, पण बाईंची मान ताठच होती.

"सरदार, त्याच्या हातून बरे झालेले दोघेतिघे बोलवा," त्या म्हणाल्या.

सरदारांना एकही नाव आठवेना.

"महाराज, मेलेला माणूस तक्रार घेऊन येत नाही," बाई म्हणाल्या. "म्हणून त्याची तक्रार मी आधीच ऐकून घेते. यालाच परीक्षा म्हणतात."