कच्च्या खळीची घोंगडी

माणदेशाच्या कडेला करंजखिंड नावाचे गाव आहे. तिथल्या बाजारतळाच्या टोकाला पिंपरणीचे झाड होते आणि त्या झाडाच्या पारावर एके साली श्रीदयाळगिर महाराज येऊन बसले. बरोबर शिष्य नाही, सामान म्हणावे तर एक तुंबा. पाटलांनी विचारले, "महाराज, देवळात का नाही उतरलात?" महाराज म्हणाले, "देवळात सगळे हात जोडून येतात. मला हात मोकळे असलेली माणसं बघायची आहेत."

भाविकहो, त्या मुक्कामातली ही हकीकत. जिच्यामुळे ती गावोगाव पसरली ती व्यक्ती महाराजांची भक्त नव्हती. चेष्टा करणाऱ्यांत पहिली होती. म्हणून ही हकीकत त्या माणसाच्या बाजूनेच सांगणे बरे.

त्याचे नाव गुरुलिंग शेटे. बाजारच्या दिवशी पाराच्या अगदी समोर त्याचे कापडी पाल पडे. गिरणीचे रंगीत रग विकावेत ते त्यानेच! आवाज असा, की ओढ्यापलीकडचा माणूस वळून बघे. "घ्या, घ्या! आज सोडलंत तर थंडीत माझं नाव घेत कुडकुडाल!" एखादी बाई रगाला नुसते बोट लावून पुढे निघाली, तरी तो घडी मोडून रग तिच्या खांद्यावर टाकी. खांद्यावर पडलेली वस्तू परत करायला माणूस लाजतो, हे त्याला पक्के ठाऊक होते.

त्याच्या शेजारी तायाप्पा सांगर घोंगड्या घेऊन बसे. हा महाराजांचा भक्त. बाजार मांडण्याआधी पार झाडून काढी, तुंबा भरून ठेवी. पण धंद्यात त्याच्या तोंडून हाक म्हणून निघत नसे. गिऱ्हाईक आले की एक घोंगडी अंथरी आणि म्हणे, "बसा जरा." मग विचारी, "मेंढरं कुठल्या रानात हायेत? निजायला कातळ का माती?" माणूस बोलू लागे. तायाप्पा ऐके. शेवटी घोंगडीचे काही सांगायचे झाले, तर पहिल्यांदा तिच्यातली खोट सांगे. "ही काठाला जरा सैल हाय बघा."

शेटेला याचे हसू येई, आणि हसता हसता नवलही वाटे. त्याच्या पालातले गिऱ्हाईक माल घेऊन पळत सुटे; तायाप्पाकडचे मात्र बसून राही. पुष्कळदा काही न घेता उठे आणि पुढच्या बाजारी आपल्या भावाला घेऊन येई. हे काय गौडबंगाल आहे, ते शेटेला कळत नव्हते.

"तायाप्पा," तो ओरडून म्हणे, "तू घोंगड्या विकतोस का सोयरीक जमवतोस रे?"

"आण्णा, दोन्हीला बसावंच लागतं की," तायाप्पा हसून म्हणे.

या तायाप्पाने आदल्या वर्षी एक मोठेच काम अंगावर घेतले होते. गिरणीच्या रगांपुढे टिकायचे म्हणून घोंगड्या विणणाऱ्या सांगर जमातीची घरे विरळ, घाईच्या घोंगड्या विणू लागली होती. तायाप्पाने दुहेरी पिळाच्या काळ्याभोर लोकरीची एक घोंगडी विणली, आठ दिवस खपून. बिरोबाच्या देवळात ती अंथरली आणि जमातीतल्या लोकांना तिच्यावर बसवले. भाषण केले नाही. तासाभराने म्हातारे नानू सांगर घोंगडीचा काठ चाचपत म्हणाले, "आमच्या बापाच्या हातची अशी असायची." बस्स, एवढेच. अकरा घरांनी तसे विणायला घेतले. मात्र अट घातली, की चैत्राच्या जत्रेत चाळीस घोंगड्या गेल्या पाहिजेत. नाही गेल्या, तर माग मोडायचे आणि बायकापोरांसकट कालव्याच्या खोदाईवर जायचे.

जत्रा आली आणि नेमके आभाळ आडवे आले. घोंगडीला चिंचोक्याची खळ चोळतात आणि कडक उन्हात वाळवतात. खळ मुरली की घोंगडी पाणी धरते. चौघांनी चार टोके धरायची, मध्ये घागर ओतायची आणि खाली थेंब पडतो का ते बघायचे, ही तिकडची परीक्षा. त्या चैत्रात आठ दिवस ना पाऊस, ना ऊन. चाळीसच्या चाळीस घोंगड्यांची खळ कच्ची राहिली.

जत्रेच्या सकाळी तायाप्पा प्रत्येकाला तेच सांगत बसला. "माल चांगला हाय, पण आज ही पाणी धरणार नाही. घरी नेऊन तीन कडक उन्हं दाखवावी लागतील." लोक ऐकत, मान हलवत आणि उठत. दुपारपर्यंत एकही घोंगडी गेली नाही.

नानू सांगर खवळले. "अरं, कुणी इचारलंय का तुला? तोंड मिटून बस की एक दिस! अकरा घरं बुडवतोस?"

तायाप्पा उठून पारापाशी गेला. शेटेने रगांच्या घड्या घालता घालता कान तिकडे लावला.

"महाराज, खोटं बोललो तर माग वाचत्यात. खरं बोललो तर मोडत्यात. काय करू?"

महाराज म्हणाले, "गिऱ्हाईक आज तुझ्यासमोर आहे. आषाढात ते रानात एकटं असेल. तेव्हा त्याच्यासमोर कोण असेल?"

तायाप्पा म्हणाला, "माझी घोंगडी."

"मग जा, बस जागेवर."

एवढेच! ना अंगारा, ना आशीर्वाद. शेटेला वाटले, हा कसला साधू, भक्ताचे घर बुडतेय आणि हा कोडी घालतोय! त्याला चेव आला. पालातून बाहेर येऊन त्याने टाळी वाजवली आणि जत्रा गोळा केली.

"या, या! कोरडी घोंगडी सगळेच विकतात. आमचा तायाप्पा गळकी विकतो, आणि वर सांगून विकतो! महाराज, तुमच्या भक्ताची परीक्षा घेऊ का?"

महाराज म्हणाले, "घे की. पाणी मात्र तूच आण."

शेटेने स्वतः आडावरून घागर भरून आणली. घोंगडी स्वतः निवडली. उलटीसुलटी करून, वास घेऊन पाहिली. तेल नाही, मेण नाही, खळ बोटाला चिकटत होती. चौघांनी टोके धरली. "कच्ची हाय, आण्णा," तायाप्पा पुन्हा म्हणाला. शेटेने घागर पालथी केली.

पाणी घोंगडीच्या झोळीत डुचमळले आणि स्थिर झाले.

लोक वाकून बघू लागले. थेंब नाही! पालखी बिरोबाच्या देवळातून निघाली, बाजारतळाला वळसा घालून परत गेली, तरी थेंब नाही. शेटेला राहवेना. त्याने हात घालून पाणी हलवले. मग पागोटे सावरत तो घोंगडीखाली जाऊन उकिडवा बसला आणि खालून तळहात फिरवू लागला. लोकर हाताला कोरडी लागत होती. वर घागरभर पाणी आणि खाली धूळ बसावी इतके कोरडे! त्याने नख लावले, दाबून पाहिले, कान टेकवला. चेष्टा करायला आलेला माणूस, पण आता त्याला एकच ध्यास लागला होता. हे धरलेय कशाने?

वर गर्दी उसळली होती. "मला दोन दे!" "इकडं चार!" "तायाप्पा, आधी मला!" नानू सांगरांचे डोळे भरून आले होते. अकरा घरांचे माग वाचले होते. तायाप्पाने नुसती मान हलवायची होती.

तायाप्पाने दोन्ही हात वर केले.

"थांबा, मायबाप. हे महाराजांनी धरलंय, घोंगडीनं नव्हं. ही घोंगडी आज पाणी धरणारी न्हाई. या पाण्याकडं बघून कुणी घेऊ नका."

त्याचे शेवटचे अक्षर संपायला आणि पाणी सुटायला एकच गाठ पडली. सगळी घागर एकदम खाली आली, ती गुरुलिंग शेटेच्या डोक्यावर!

जत्रा खदखदून हसली. शेटे चिखलात बसलेला, पागोट्यातून ओघळ वाहताहेत, तोंड उघडे, आणि शब्द नाही. करंजखिंडीने त्याला गप्प बसलेला पहिल्यांदाच पाहिला. हसला नाही तो एकटा तायाप्पा. त्याने स्वतःच्या खांद्यावरची जुनी घोंगडी काढली आणि शेटेच्या अंगाभोवती गुंडाळली.

"बसा जरा, आण्णा. वारं लागंल."

शेटे बसला. घोंगडी जड होती, मेंढरांच्या वासाची. थोड्या वेळाने अंगात ऊब आली. घोंगडीने ना 'घ्या' म्हटले होते, ना 'थांबा'. पण उठावेसे वाटेना. गिऱ्हाईक इथे का बसून राहते, ते त्याला आज आपल्याच अंगावर कळत होते.

तेवढ्यात धुळाबा नावाचा एक म्हातारा मेंढका पुढे आला. "मर्दा," तो तायाप्पाला म्हणाला, "देव तुझ्या बाजूनं पाणी धरून हुबा, आन् तू त्यालाबी खरं बोलायला लावलंस? तीन उन्हं दाखवायची म्हनलास नव्हं? दावतो की. माझ्या मेंढरांच्या वाड्यावर आठ मानसं हायेत. आठ दे."

मग दुसरा आला, तिसरा आला. आरडाओरडा झाला नाही. प्रत्येकजण अंथरलेल्या घोंगडीवर बसे, किती उन्हं दाखवायची ते नीट विचारून घेई, आणि आपली घडी काखेत मारून उठे. दिवस कलायच्या आत एकोणचाळीस गेल्या. चाळिसावी, परीक्षेची, दोरीवर निथळत होती.

शेटे तिच्यापाशी येऊन उभा राहिला. "ही मला दे, तायाप्पा."

"नका घेऊ, आण्णा. खळ धुऊन गेली तिची. पुन्यांदा द्यावी लागंल. पुढच्या बाजाराला देतो."

"अजूनही मालातली खोटच सांगतोस!" शेटे म्हणाला, पण त्याचा आवाज नेहमीचा नव्हता. नानू सांगर शेजारून म्हणाले, "त्याला दुसरं येतच न्हाई, आण्णा. एक राहिली म्हनून आता माग मोडत न्हाई आमी. पण चालू ठिवायचे म्हनजे आमालाबी शिकावं लागंल."

शेटे पारापाशी गेला. "महाराज, एवढा वेळ पाणी कशानं धरलं होतं?"

महाराज म्हणाले, "खाली बसून तू बघत होतास. मी तर वर बसलो होतो."

"मला इतकंच दिसलं, की तायाप्पा बोलेपर्यंत ते थांबलं होतं."

"मग आणखी काय दिसायचं राहिलं?"

शेटेने ओले पागोटे उतरवून बाजूला ठेवले, गुडघे टेकले आणि उघडे डोके महाराजांच्या पायांवर ठेवले. महाराजांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. समोर त्याच्या पालात एक बाई निळ्या रगाला बोट लावून उभी होती. उठून वळताच शेटेला ती दिसली. त्याने हाक मारली नाही. ती रग उलटून, उजेडात धरून, निवांत बघत राहिली.